शुक्रवारचा तास

दिल्ली कँट,
८ डिसेंबर २०२४

प्रिय अहो,

नमस्कार. आम्ही मायलेकी खुशाल आहोत. तिकडे बर्फ पडायला लागला असेल. लोकरीचे मोजे घालता की ट्रंकेत जपून ठेवलेत? इकडे सकाळी समोरचं क्वार्टरसुद्धा दिसत नाही. धूर किती आणि धुकं किती, देवाला ठाऊक. त्याचाच फायदा घेऊन दूधवाला दुधात पाणी घालतो, असा माझा संशय आहे. तुम्ही हसाल. "तुला देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येतो," म्हणाल. पण मी उगाच कुणावर संशय घेत नाही.

आता शाळेचंच बघा. तनयाच्या वर्गाला नवीन बाई आल्यात, निधी मॅडम. फार गोड बोलतात, तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या काही मुलांना थांबवून घेतात. कोण कोण? एक तमिळ मुलगा, एक नागालँडचा, दोन गढवाली बहिणी आणि आपली तनया. सगळी फौजींची, लांबून आलेली. दिल्लीचं एकही पोर नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "अर्पिताजी, इन बच्चों को थोड़ा सपोर्ट चाहिए, बस." त्यांचा सपोर्ट मी बरोबर ओळखून आहे. पोरांना बाजूला काढायचं, कच्ची म्हणून शिक्का मारायचा आणि वर्षअखेरीला त्याच वर्गात बसवायचं. शिवाय चौकशी करतात, घरात कोणती भाषा बोलता? मी ठणकावून सांगितलं, "हिंदी. बिल्कुल हिंदी."

ते खोटं नव्हतं. दिवाळीनंतर एकदा वर्गातली मुलं तिच्या बोलण्याला हसली म्हणून तनया रडत घरी आली. तेव्हाच मी तिला बजावलं, आता मराठी बंद, घरातसुद्धा. माझी हिंदी कशी आहे, तुम्हाला माहीत आहे. भाजीवाल्याशी भांडण्यापुरती. त्या हिंदीत पोरीला जवळ घेऊन काय बोलणार? हळूहळू तीही बोलेनाशी झाली.

म्हणजे अगदीच. शाळेत एक शब्द नाही, घरात नुसती मान हलवायची. तुमच्या पोस्टवरून कधीमधी फोन लागतो तेव्हा मी सांगते ना, "आत्ताच झोपली"? ती झोपलेली नसते. माझ्यासमोर बसलेली असते, फोनकडे बघत. तुम्ही एवढ्या उंचावर, जिवाला आणखी घोर नको, म्हणून लपवलं. तिला शाळेतून काढून गावी न्यायचं ठरवून मी तिकिटंही काढली होती. तुम्हाला न विचारता.

परवा शुक्रवारी मी लवकर गेले आणि वर्गाच्या खिडकीबाहेर कुंड्यांच्या आडोशाला उभी राहिले. म्हटलं, आज बाईंची चोरी पकडायचीच. आत तो तमिळ मुलगा ओणवा होऊन घशातून कसलातरी आवाज काढत होता आणि सगळी हसत होती. मग नागालँडचा पोरगा डुकराला हाक मारल्यासारखा ओरडला. पुन्हा हशा. माझं डोकंच फिरलं. लेकरांना जनावरांचे आवाज काढायला लावून मजा बघतात! मी तडक आत घुसले. हिंदी आठवलीच नाही. "आमची पोरं काय माकडं वाटली तुम्हाला? उद्याच नाव काढते मी हिचं!"

आणि तनया बाकावरून उठून म्हणाली, "आई, तू थांब ना जरा! आता माझा नंबर आहे."

मराठीत. मोठ्याने.

मॅडमनी मला खुर्ची दिली. आपापल्या घरी जनावरांना कसं बोलावतात, ते मुलं एकमेकांना शिकवत होती. तनयाने नसलेला पदर सावरला, मूठ पुढे केली आणि हुबेहूब तुमच्या आईंच्या आवाजात "तीऽ तीऽ तीऽ" करत कोंबड्यांना दाणे टाकले. बाकीची पोरंही तसंच करायला लागली. त्या नागालँडच्या मुलाला तर ती मराठीतूनच रागावली, "असं नाही, आधी वाक!" तो वाकला. मी रडले हो, सगळ्यांसमोर.

मॅडम म्हणतात, पुढच्या शुक्रवारी तुम्हीच या आणि मराठीत गोष्ट सांगा, "बच्चे समझ लेंगे." मला अजून त्यांचा पुरता भरवसा नाही. दुसऱ्याच्या पोरांना एवढा जीव कोण लावतं? काहीतरी असेलच. म्हणून मी जाणार आहे, नजर ठेवायला. तिकिटं रद्द केली.

घरात पुन्हा मराठी सुरू झालीय. काल रात्री जेवताना तिने माझ्या आमटीला नावं ठेवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

माझ्यावर रागवायचं तेवढं रागवा, पण नंतर. पुढचा फोन लागेल तेव्हा मी उचलणार नाही. वाजू द्या, तनया उचलेल. तिला काही विचारू नका. ती सांगेल तसं, तिथे जवान हसले तरी हसू देत, कोंबड्यांना हाक मारा.

इथे शेजारी उभी राहून ऐकणारी,
तुमची अर्पिता