उलट्या बोटांच्या अडा

मी, वेलायुधन पणिक्कर, निवृत्त शाळामास्तर, राहणार ओट्टप्पालम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. पत्नी कार्त्यायनी दाराआड कान देऊन उभी आहे, पण तिचं कसलंही दडपण नाही.

घर व नारळाची बाग कार्त्यायनीची, तिच्यामागे मुलगा सुधाकरन याची. मामांची आरामखुर्ची मामांच्या नातवाने घेऊन जावी. मला ती कधी मानवली नाही. लहानपणी मी अडा, म्हणजे आमच्याकडच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या, करायला केळीच्या पानावर तांदळाची उकड डाव्या हाताने थापली, तेव्हा याच मामांनी "डाव्या हाताचं कोण खाणार?" असं ओरडून सगळ्या अडा गाईपुढे टाकल्या. गाईने मिटक्या मारत खाल्ल्या, ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून लिहितो-जेवतो उजव्या हाताने. पण अडा डाव्याच हाताला साधते. म्हणून लग्नापासून मी दार लावून पान शेकतो, उकड थापतो, गूळखोबरं भरून दुमडतो, वाफवतो. आणि कार्त्यायनी त्या स्वतःच्या म्हणून आळीत वाटते. तिला एकही करता येत नाही. मी गेल्यावर तिचं हसं होईल, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सबब, दुःखापोटी तिने अडा करणं सोडलं, असं माझ्या मृत्यूनंतर सोळाव्या दिवशीच्या विधीला जाहीर करावं.

हे कलम वाचून दाखवताच साक्षीदार अच्युतन मारार, माझा शेजारी, हसत सुटला.

"मास्तर, अडेवर बोटं उमटतात की! तुमची उलटी, डाव्या हाताची बोटं आख्खी आळी ओळखते. बायका वहिनींना तोंडावर विचारतात, नवऱ्याला चुलीला जुंपलंस का गं?"

"मग तू काय सांगतेस?" मी दाराकडे बघून विचारलं.

"सांगते, मी आळशी आहे," कार्त्यायनी आतून म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं, तर पुन्हा पानाला हात लावला असतात का?"

उद्या होईल म्हणून भीत होतो, ते तिचं हसं इतकी वर्षं माझ्यापायी होतच होतं. मला फार लाज वाटते.

सबब, वरील कलम रद्द. अडा मी केल्या, डाव्या हाताने. सोळाव्या दिवशी हेच मोठ्याने वाचावं. वाफवायचं पितळी भांडं कार्त्यायनीचं. आज तिला ओसरीवर, सगळ्यांदेखत शिकवणार आहे.

सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. ती डाव्या हाताने केली आहे.

वेलायुधन पणिक्कर

आमच्यासमक्ष सही केली:
अच्युतन मारार
पौलोस कुरियन

ओट्टप्पालम, कोल्लम वर्ष ११६७, चिंगम महिना, ओणमचा आदला दिवस