दारं-खिडक्या

मांडवगण फराटा

दत्ताभावजी,

परवा तुम्ही फोनवर सांगितलं, तुमचं तोंड वाकडं झाल्याबरोबर पुण्यात दवाखान्यात नेलं, लगेच इंजेक्शन दिलं आन् आता हात धड चालतोय. ऐकून लई बरं वाटलं.

दोन वर्षांमागं तुमच्या दादांचंही असंच तोंड वाकडं झालं होतं. "अंगावरून वारं गेलंय," सगळी म्हणाली. आणखी वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. तुमच्या आईनं दिवस मावळेपर्यंत गरम तेलानं त्यांचं अंग चोळलं, आन् दिवेलागणीला ते गेले. यावर सुई असती, हे आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला मात्र मी 'जागच्या जागी गेले' असंच सांगितलं. खरं कळलं तर तुम्हाला आईकडं बघवायचं न्हाई, म्हणून हे पत्र धाडायचंच न्हाई.

काल आत्यांनी मला विचारलं, "नीलम, माझा दत्ता वाचला, मग थोरला का गं गेला? माझं चोळणं कमी पडलं का?"

तेलाची वाटी अजून त्यांच्या उशाशी असती. मी म्हणलं, "आत्या, तुमचं काय कमी पडलं न्हाई. तिकडं पुण्यात वारंच कमी हाय."

जिवाला जपा.

तुमची वहिनी,
नीलम