आखूड दावं

प्रिय तानाबाई,

बत्तीस वर्षांच्या संसारात तुला 'प्रिय' लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीया, तवा हसू नको. आणि हे पत्र मासळीचा टेंपो चालवणाऱ्या ज्ञानूनं तुझ्या हातात दिलं म्हणून घाबरून बी जाऊ नको. गॅस बंद कर, खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. पहिलंच सांगतो, मी कबनूरला आक्काकडं न्हाय. पिशवी घेऊन कोल्हापूर स्टँडवर उतरलो, तिकडं जाणारी इचलकरंजीची गाडी समोर लागलेली, आणि पाय बघ कसे आपसूक देवगडच्या गाडीकडं वळले. आज आठवडा झाला, मी देवगड बंदरात हाय, आपल्या लेकीच्या, निशिगंधाच्या घरात. झालं बाबा लिहून. एवढं लिहायला दोन कप चहा लागला.

तिनं मासे धरणाऱ्या पोराशी लग्न केलं, तवा या घरात तिचं नाव काढायचं न्हाय असा हुकूम मीच सोडलेला. तीन वर्षं तू अवाक्षर काढलं न्हाईस. आणि हुकूम सोडणारा हा शहाणा मात्र रोज दूध घालून येताना वारणानगरला ती शिकली त्या कॉलेजच्या फाटकासमोर गाडी हळू करायचा. तुला कधी सांगितलं न्हाय. काय तोंडानं सांगणार?

गाडीत बसून काय काय बोलायचं ते पाठ केलतं. सगळं वाया गेलं. बंदरावर पोचलो तर आपली लेक गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून बर्फाच्या ढिगाजवळ उभी. मच्छीमार सोसायटीत नोकरी करती, कुठल्या होडीला किती बर्फ द्यायचा ते तिच्या शब्दावर चालतं. मला बघून जागच्या जागी थिजली. मी म्हणणार होतो की असंच मासे घ्यायला आलोय. तर हिनं पहिलं काय विचारावं? म्हशीची धार आज कोण काढणार म्हणून! मग रडली. मग मी बी रडलो. चार माणसं बघत होती, बघू देत.

आता बंदराच्या बातम्या ऐक. उजाडायच्या आत होड्या येतात आणि धक्क्यावर जी काही गडबड उडती, आपला जनावरांचा बाजार त्यापुढं देवळात बसल्यासारखा गप्प. बांगडा, सौंदाळे, सुरमई, ढीगच्या ढीग. आपण दुधाची फॅट बघायला मशिन लावतो, हितं बाया माशाचा कल्ला उघडून आत लाल हाय का बघतात, अंगठ्यानं दाबतात, आणि तोंड वाकडं करून पुढं जातात. मी बी शिकलोय. परवा बर्फाच्या कारखान्याची मोटर जळाली, तर सगळ्या बंदराच्या तोंडचं पाणी पळालं. निशिगंधानं शेजारच्या गावातनं ट्रक मागवून बर्फ आणला आणि रांग मोडणाऱ्या एका दाढीवाल्याला असं झापलं की मला क्षणभर तूच उभी हायस असं वाटलं.

आणि माझं तर हितं नाव झालंय. लिलाव पुकारणाऱ्या लीलाबाईंचा घसा बसला, आवाजच फुटंना. दोन दिवस त्यांनी बोटानं खुणा करायच्या आणि मी पुकारायचं. घरात तू म्हणतीस ना, मीठ मागितलं तरी भांडल्यासारखं वाटतं? त्याच आवाजाचं हितं चीज झालं. पार पलीकडच्या होडीवरचं माणूस बी वळून बघत होतं. नाद न्हाय करायचा कोल्हापूरकरांचा! आता मला सगळे आबा म्हणतात, पावणं म्हणायचं सोडलंय.

पण सगळीच मर्दुमकी सांगून कसं चालंल? जे झालं ते बी सांगतो. जावयाचं नाव दिगंबर, तुला ठाऊक हायच. परवा सकाळी होडी धक्क्याला लागली, मासळी उतरली. त्यानं दोर माझ्याकडं टाकला, जरा बांधून ठेवा म्हणाला आणि इंजिनाचं काहीतरी सामान आणायला गावात गेला. आता दोर बांधायचं मला कोण शिकवणार? जन्म गेला दाव्याला गाठ मारण्यात. चांगला आवळला, वीतभर बी ढील ठेवली न्हाय, आपल्या गोठ्यातली गाठ मारली आणि ऐटीत घरी येऊन आडवा झालो. तेव्हा भरती होती. दुपारपर्यंत ओहोटी लागली, पाणी खाली खाली गेलं, आणि होडी बिचारी नाक वर करून दोराला लटकली! आतली बर्फाची पेटी, जाळं, जेवणाचा डबा, सगळं घसरत मागून पाण्यात. सगळं बंदर गोळा होऊन हसत होतं. म्हस समजून बांधली म्हणून.

मी मान खाली घालून उभा. दिगंबर पळत आला, आणि मला वाटलं आता खाणार हा मला. त्याच्या जागी मी असतो तर धक्का डोक्यावर घेतला असता. ह्यानं कोयत्यानं दोर तोडला, पाण्यात उडी टाकून जाळं काढलं, आणि वर येऊन मला बाजूला बसवून गाठ दाखवली. म्हणाला, आबा, पाणी खाली-वर व्हायचंच, दोर लांब सोडायचा, होडी कुठं जात न्हाय. एवढंच म्हणाला. आवाज बी चढवला न्हाय. मग दोघांनी चहा घेतला. तानाबाई, पोरगा चांगला हाय गं. ह्याच्या घरी कुणी आपल्या लेकीला एका शब्दानं दुखवलं असंल असं वाटत न्हाय.

त्या दुपारी मी तिथंच बसून राहिलो. होडी लांब दोरावर निवांत डुलत होती, मागं-पुढं जात होती, पण धक्का सोडत नव्हती. मला माझा हुकूम आठवला. लेकीला बी आपण, आपण कसलं, मीच, असंच आखूड बांधायला गेलो. पाणी खाली गेलं तर तिनं काय करायचं, हा इचारच केला न्हाय.

आणि आता खरी गोष्ट. काल जेवताना बांगड्याच्या कालवणाचा पहिला घास घेतला आणि हात थांबला. ही चव देवगडची न्हवं. लेक नजर चोरायला लागली. मी उठलो, फळीवरचा डबा खाली काढला. आपल्या तुपाचा जुना डबा, आत कांदा-लसूण चटणी, आणि तोंडाला तुझ्या हिरव्या लुगड्याची पट्टी, तुझीच दुहेरी गाठ मारलेली. मग पोरीनं सगळं सांगितलं. तिन्ही वर्षं, दर उन्हाळ्यात, कोडोलीच्या बाजारात मासळी टाकून रिकामा परतणाऱ्या ज्ञानूच्या टेंपोत तू डबा देत होतीस. माझा हुकूम पाळलास खरा, नाव काढलं न्हाईस. चटणी तेवढी पाठवलीस. मी डबा मांडीवर घेऊन लई वेळ बसलो. भाकरी तशीच ताटात राहिली.

म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण माझा आवाज तुला ठाऊक हाय, फोनवर माफी मागितली तरी भांडण काढल्यासारखं वाटलं असतं. कागदावर मी हळू बोलतोय. चुकलो गं मी. तीन वर्षं तू लेकीला चोरून जीव लावलास, आणि चोरायला लावणारा मी. यंदाची चटणी कुटून झाली की डबा ज्ञानूकडं देऊ नको. डबा मांडीवर घे आणि त्याच्या शेजारी तूच बस. त्याला मी सांगून ठेवलंय, सावकाश घाट उतर म्हणून. मी धक्क्यावर उभा असतो. लांबनंच हाक मारीन, आख्ख्या बंदराला कळू दे निशिगंधाची आई आली म्हणून.

तुझाच,
आकाराम

ता. क. येताना म्हस शेजारच्या गुंडूच्या स्वाधीन कर. आणि त्याला सांग, दावं जरा लांब सोड.