‘डोक्यात कोण?’चा नवा शेवट

छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपारची झोप मोडून

तीर्थरूप ताईस,

धाकट्या गोकुळचा वाकून नमस्कार. (वाकलं की कमरेत चमक भरते, म्हणून हल्ली मनातल्या मनात वाकतो. तुला मनातलं कळतं असा तुझा लौकिक असल्यामुळं नमस्कार पोचला असं धरतो.) इकडं आम्ही ठीक. तुझा गुडघा, दाजींची शुगर आणि वैजापूरचा कांदा, तिघांची खुशाली कळव. तिघांपैकी कुणाला वर जायचंच असेल तर कांद्यानं जावं.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर ‘त्या पिक्चरचं नाव काढायचं नाय’ म्हणून तू ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण लिहिलेला कागद तपासल्याशिवाय फाडणं तुझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीला जमणार नाही, याची मला खात्री आहे.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. काल संध्याकाळी ज्या कॉलेजच्या हॉलमध्ये मी गेलो होतो, तिथल्या खुर्च्यांना उजव्या हाताला लिहायची फळी असते. ती फळी खाली पाडली की विद्यार्थी लिहू लागतो, असा शिक्षण खात्याचा समज आहे. माझ्या बाबतीत ती पोटावर येऊन अडकली आणि पुन्हा म्हणून वर गेली नाही. खुर्ची बनवणाऱ्यानं भारतीय पुरुषाचं पन्नाशीनंतर काय होतं याचा जराही अभ्यास केलेला नाही. पावणेदोन तास मी, सरकारी कर्मचारी, निवृत्तीला तीन वर्षं बाकी, पाळण्यातल्या पोरासारखा कोंडून बसलो. पिक्चर भुताटकीचा, आणि पळून जायची सोय नाही. याबद्दल दाद कुणाकडं मागायची?

पिक्चर म्हणजे दाजींचा ‘डोक्यात कोण?’. तू त्यात मुख्य असूनही तो कधी बघितला नाहीस, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो. फर्दापूरकडच्या एका गावात मनकवड्यांचं एक घराणं असतं. हे लोक ज्याच्याकडं टक लावून बघतील, त्याच्या मनात असेल नसेल ते सगळं त्याच्या तोंडातून बाहेर पडतं, आणि माणूस रिकामा होऊन कोसळतो. (आपल्याकडं एवढ्यानं माणूस मरतो हे दाजींनी बरोबर ओळखलं. मनातलं सगळं चारचौघांत बोलून कोण जगलंय?) लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, लग्नाच्या तिथी नसलेले दिवस, आणि फर्दापूरला येऊन राहायला एकही नटी तयार नाही म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतली बायको, एवढ्या भांडवलावर त्या माणसानं तो पिक्चर काढला. दिवाळीत केबलवर लागला आणि पाडव्यापर्यंत तू वैजापूरची मनकवडी झालीस. एसटीत बाया तुला जागा द्यायच्या, पण शेजारी कुणी बसायचं नाही. ‘बाई नुसत्या डोळ्यांनी पोरांच्या मनातलं काढून घेतात’ अशी तक्रार शाळेत आली. (हे तर प्रत्येक शिक्षिकेला येतं. अर्जात घालायचं काय त्यात?) मला सगळं ठाऊक आहे, म्हणूनच पुढचं वाच.

गुलमंडीवर दाजींनी शूट केलेल्या लग्नांच्या कॅसेटी मिक्स करून द्यायचे ते सरदारभाई आठवतात ना, त्यांचा फरहान आता दुकान बघतो. दाजींनी जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घ्यायला दिल्या, त्यात हा सापडला, आणि पोरानं तो इंटरनेटवर टाकला. ताई, लाखो लोकांनी बघितलाय. तरुण पोरं तुझे संवाद पाठ म्हणतात, आणि तुला तर संवादच नाहीत, नुसतं बघणं आहे. तेव्हा ही पोरं एकमेकांकडं बघत उभी राहतात आणि त्याला संवाद म्हणतात. खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेत. एकानं विचारलंय, डोळे खरे आहेत का कॉम्प्युटरवर केलेत? वैजापूरच्या कुणा सम्यकनं लिहिलंय, ‘या बाईंनी मला चौथीला शिकवलंय. पिक्चरमध्ये कमीच दाखवलंय.’ यावर नऊ हजार लोकांनी अंगठा वर केलाय. माझ्या ऑफिसात मी तो अभिप्राय सगळ्यांना वाचून दाखवला, साहेबांना दोनदा.

तर काल या पोरांनी हॉलमध्ये खेळ ठेवला. फरहान घरी आला, म्हणाला, ‘चच्चा, तुमकू आनाच पडता. हिरोइन के सगे भाई है तुम.’ हिरोइनचा सख्खा भाऊ! मी दाढी करून गेलो.

खेळ संपल्यावर माइक फिरला. पहिला एक दाढीवाला, खांद्याला झोळी. तो म्हणाला, प्रत्येक मृत्यूनंतर पडद्यावर बदामाचा आकार उमटतो आणि त्या बदामातून पुढचं दृश्य उघडतं, हे लग्नसंस्थेवरचं जळजळीत भाष्य आहे. फरहान माझ्या कानाशी पुटपुटला, ‘अब्बा की मशीन में दोइच बटन थे. एक बदाम, दूसरा खराब.’ मग एक निवृत्त इंजिनियर उठले. चाळीस फुटांवरून दुसऱ्याचं मन वाचणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे, असं म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवती बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘बसा आता. माइक त्या पोरीला द्यायचा तुमच्या मनात नाय, मला दिसतंय.’ हॉलनं टाळ्या वाजवल्या, इंजिनियर बसले, शास्त्रही बसलं.

मग पंगतीची चर्चा. गावानं युनिटला जेवण दिलं होतं ते एका अटीवर, की लग्नाच्या कॅसेटीत येतो तसा प्रत्येकाचा चेहरा जेवताना आला पाहिजे, नाहीतर रुसवे. म्हणून त्या पिक्चरात विनाकारण सगळं गाव जेवतं, आणि तू बुंदीचं पातेलं घेऊन एकेकासमोर थांबतेस, आणि ज्याच्यासमोर थांबशील त्याचा घास तोंडात तसाच राहतो. ‘भुकेचं राजकारण,’ झोळीवाला म्हणाला. मला विचार. तू फक्त ‘वाढू का’ असं डोळ्यांनी विचारत होतीस. आपल्या घरी एवढी वर्षं तेच चाललं, आणि ‘नको’ म्हणायची हिंमत आबांचीही झाली नाही.

आता मुख्य गोष्ट, पाणी पिऊन वाच. दाजींनी शेवट शूट केला होता तो तुला विहिरीत ढकलण्याचा. तो शेवट आता अस्तित्वात नाही. दाजींची शिस्त तुला माहीत आहे: नवी कॅसेट संपली की घरातली हाताला लागेल ती. विहिरीच्या त्या शूटिंगवरच त्यांनी नंतर आमच्या श्रेयाचं बारसं शूट केलंय.

त्यामुळं होतं असं, की सगळं गाव काठ्या घेऊन मागं लागलंय, तू विहिरीपाशी पोचतेस, वळून बघतेस, आणि खट्! फुगे. झुरमुळ्या. सजवलेला पाळणा. बाया पाळणा म्हणतायत. आणि त्यांच्यातून तीच बाई, तेच डोळे, हिरवी साडी, पुढं येते, वाकते आणि बाळाच्या कानाला तोंड लावते.

हॉल किंचाळला, ताई. आत्यानं कानात नाव सांगायचं असतं हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक, प्रत्येकाच्या कानात कुणीतरी सांगितलेलं, म्हणून तर जास्त. माझ्या शेजारच्या पोरीनं माझा दंड धरला (वळ आहे). त्यात भर म्हणजे आपल्या धुरपदाकाकू. ‘हिनं नको, दुसऱ्या कुणी सांगा’ म्हणून त्यांनी पाळण्याला हात घातला होता, तो हात कॅसेटीत आलाय. झोळीवाल्याच्या मते ती म्हातारी म्हणजे गावातली एकमेव जागी व्यक्ती. तिला एकटीला संकट ओळखू येतं आणि ती बाळाला वाचवू बघते. धुरपदाकाकूंना वाचवणारी म्हणताना ऐकलं आणि माझं रक्त तापलं. मी उठलो. खुर्चीही उठली. फळीसकट, चार पायांसकट, वाकलेल्या अवस्थेत मी ओरडलो, ‘ते बाळ माझं हाय!’

पुढची रांग आपसूक सरकली.

मग मी सगळं सांगितलं. की ती माझी बहीण आहे, ते आमच्या घरचं बारसं आहे, बाई चौथीच्या वर्गाला शिकवायची, आणि त्या दिवशी पाळण्यात हात घालणारी म्हातारीच तेवढी भीतीदायक होती. ती हो, आणि तिच्यामागं गप उभे असलेले आम्ही सगळे. मला वाटलं, पिक्चरची मजा गेली, आता लोक मला शिव्या घालतील. तेवढ्यात ज्या पोरीनं दंड धरला होता ती (संस्कृती नाव, नावाला न शोभेल एवढी धीट) म्हणाली, ‘काका, पण नाव सांगायला एवढा वेळ लागतो व्हय? त्या लई वेळ बोलतायत.’ फरहाननं ते पुन्हा लावलं. खरंच, ताई. ‘श्रेया’ एवढं म्हणायला ओठ दोनदा हलतात. तू बोलतच राहतेस. काकू पाळणा ओढतायत आणि तू एक हात पाळण्यावर घट्ट ठेवून, शांतपणे, त्या पोरीला काहीतरी पूर्ण सांगून मगच उठतेस. मागं मी दिसतो, फुगे धरून.

दुसऱ्यांदा कुणी किंचाळलं नाही. बघून झाल्यावर लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, इंजिनियरसुद्धा. पिक्चरला नाही, तुला. मी उभाच होतो (खुर्चीमुळं दुसरा पर्याय नव्हता), पण तू समज मीही उभा राहिलो. एवढी मान माझी लग्नातसुद्धा ताठ नव्हती.

थोरामोठ्यांना नमस्कार, दारातल्या मांजरीला आशीर्वाद.

तुझा,
गोकुळ

ता. क. पुढच्या शनिवारी पुन्हा खेळ आहे. तू येणार असं मी सांगून टाकलंय, पोस्टर छापायला गेलंय. नाही आलीस तर मला पुन्हा त्या खुर्चीत बसून लोकांना तोंड द्यावं लागेल. श्रेया पुण्याहून येतेय. तिच्या ऑफिसातले तिला ‘धोक्याचं बाळ’ म्हणतात आणि ती मिरवते. तिनं मला फोनवर विचारलं, ‘आत्यानं काय सांगितलं होतं मला?’ मी म्हणालो, मी तेव्हा फुगे धरून होतो, तिलाच विचार. चारचौघांत सांगू नकोस हवं तर. तिला सांग.

ता. क. दुसरं. काल दाजी अडतीच्या मीटिंगला गेले असं तुला वाटतंय. शेवटच्या रांगेत कानटोपी घालून बसले होते, मार्च महिन्यात. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘गोकुळराव, हिला घेऊन या तुम्ही. माझ्या तोंडून विचारणं होत नाही.’ त्यांना रागावू नकोस. त्यांच्याकडं नुसतं बघ, सगळं आपोआप बाहेर पडेल.

ता. क. तिसरं. सोबतच्या पार्सलात आत्याची साडी आहे, श्रेयाच्या बारशाची. त्या दिवशी तू न जेवता गेलीस आणि ती द्यायची राहिली. गुलमंडीवरून काल सकाळीच आणली, रंग तुझ्या भावजयीनं निवडला. शनिवारी घडी मोड.