पट्टा पडेपर्यंत

३ नोव्हेंबर
इंदापूर तालुक्यातल्या या साखर कारखान्यात आज रुजू झाले. बॉयलरच्या कंट्रोल रूमची कॉम्प्युटर इंजिनिअर! बारामतीहून निघताना आईने दिलेले लाडू पोहोचेपर्यंत निम्मे संपले, त्याला इलाज नाही. खोली थंडगार, समोरच्या मोठ्या काचेतून बॉयलर दिसतो. तिथे बॉयलर सांभाळणारे बिरदेवमामा असतात, वय पन्नाशीचं. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. आग एकदा पेटली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, विझवायची नाही, ही इथली रीत. मला तर जागा फार आवडली.

११ नोव्हेंबर
कॉम्प्युटरवाल्या कंपनीचं पत्र आलं. आमच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये भोक आहे. फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू होताच सगळ्यांच्या आधी जागा होणारा, अगदी तळातला प्रोग्राम. तिथं बाहेरचा कोणी शिरला तर डिस्क पुसूनही निघत नाही. दुरुस्तीसाठी बॉयलर एक दिवस बंद ठेवावा लागेल. चीफ इंजिनिअर रणजितराव हसले. म्हणाले, ऊस गाड्यांवर वाळतोय, पट्टा पडल्यावर काय ते करा. तोवर इंटरनेटची वायर काढून ठेवा. मीही मान डोलावली. नवीन माणसाने किती ताणायचं?

१९ नोव्हेंबर
मामा धावत आले. "ताई, तुमचा पडदा म्हणतोय पाणी निम्मं हाय. वर काचंत तर पार तळाला गेलंय." बॉयलरला काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी डोळ्यांनी दिसतं. मामांनी हाताने व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडलं, म्हणून निभावलं. मग मी नोंदी पाहिल्या. पाणी बंद करण्याचा हुकूम माझ्या नावाने, मी जेवायला गेले होते तेव्हाचा. वायर तर काढलेली! म्हणजे तो शिरणारा आधीपासूनच आत आहे.

२० नोव्हेंबर
डिस्क बदलली. नवी कोरी. वीस मिनिटांत पाण्याचा तोच खोटा आकडा येऊन बसला, जागचा हलेना. आग विझवा म्हणून रणजितरावांच्या हातापाया पडले. त्यांनी पडदा पाहिला. सगळं ठीक आहे म्हणाले, नळी मळली असेल, पुसून घ्या. मला रडू आलं.

२१ नोव्हेंबर, सकाळ
आता नोंदीही बदलतात. काल वाचलेली ओळ आज नाही. म्हणून हे पेनाने लिहितेय, जे होईल ते लगेच. मामांना म्हटलं, वर जाऊ नका. म्हणाले, "न्हाय गेलो तर पाणी कोण बघंल?" वर पोहोचताच फोन करा म्हटलं.

दुपारी २.१०
मामांचा वरून फोन. नळी कोरडी. आता तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर बॉयलर फुटेल — पाण्याचा पंप बंदच ठेवा म्हणाले. बंद आहे. पडद्यावर तरी बंद.

२.१४
जमीन थरथरतेय. पंप चालू झालाय. एका हाताने बटण दाबतेय — पडदा म्हणतो बंद — बंद — मामा फोन उचलत नाहीत. समोरच्या काचेतून दिसतात. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, व्हॉल्व्ह, हाताने खुणावतेय — ते हसले — नळी बघा असं समजले — मान डोलावली — नळीकडे वळ