कंकूबाईच्या रानात झेंडू

ती. आईस,
त्रिशलाचा पाया पडून जय जिनेंद्र.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. अण्णांचा गुडघा कसा आहे? निपाणीच्या डॉक्टरांना दाखवलंस का?

इथं राजस्थानात जुन्या खाणीला लागून कंकूबाईचं रान आहे. खाणीतलं शिसं मातीत मुरलंय, त्यामुळं पेरलेलं सगळं पिवळं पडून मरायचं. आमच्या माती सुधारणाऱ्या गटानं त्यात भरपूर कुजलेलं शेणखत मिसळलं. खत शिसं धरून ठेवतं, मुळांना कमी लागू देतं. ते विस्कटताना आपलं तंबाखूचं रान लई आठवलं, आणि पदर खोचून खताच्या ढिगावर उभी असलेली तू.

काल तिथं लावलेला झेंडू फुलला. कंकूबाई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आता गहू पेरू?"

"इतक्यात नको, मावशी. विष अजून मातीतच आहे."

मग एक फूल तोडून तिनं माझ्या केसांत खोवलं. मला रडूच आलं.

माझ्याही रक्तात शिसं थोडं वाढलंय. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं कारण न्हाय. अण्णांना सांगू नको.

दिवाळीला येते. आल्या आल्या मला आपल्या रानात ने. हातमोजे न घालता मातीत हात घालायचाय.

तुझीच लेक,
त्रिशला