वारा नव्हता

६ ऑक्टोबर, सोमवार

आज माझा गोल्फचा स्विंग काढून घेतला. वाईट होता, वाकडा होता, पण माझा होता.

विक्रम त्याला 'लाकूडतोड' म्हणतो. आमच्या वारज्याच्या जमिनीवर इमारती बांधल्या त्या विक्रमनेच, क्लबात मला नेलं तेही त्यानेच, आणि दर रविवारी चारचौघांत विचारतो तोही तोच — "संपतराव, आज किती झाडं पाडणार?" ऐकून ऐकून कंटाळलो. शेवटी शिकवणी लावली.

कोचचं नाव प्रियदर्शनी. माझ्या मुलीच्या वयाची. तिने मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि हळू करून दाखवला. पोट पुढे, उजवा खांदा वर, हात कुऱ्हाडीसारखे खाली. स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "सर, हे सगळं सोडायचं. आधी बिघडेल, मग सुधारेल." किती दिवस बिघडेल? "ते तुमच्यावर आहे, सर."

माझी बायको तनुजा मागे बाकावर चहा पीत बसली होती. विश्रांतवाडीला तिच्या मावशीकडे जायचं होतं म्हणून बरोबर आली. एवढंच कारण.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अर्धे बॉल जमिनीवरून सरपटत गेले. उरलेले उजवीकडच्या जाळीत. पाठ धरली आहे. आई म्हणाली, "काठीनं चेंडू मारायला शिकवणी लावलीया व्हय? तुझ्या बानं ऐकलं असतं तर काय म्हनला असता." काय म्हणाले असते ते मला माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

क्लबात अब्रू गेली. नवा स्विंग येत नाही, म्हणून मध्येच जुना मारायला गेलो, तर तोही विसरलेला! विक्रम हसलाच नाही. ते जास्त लागलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होईल रे."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लिहू की नको असं झालंय.

मी घाम पुसायला थांबलो होतो. प्रियदर्शनी सहज तनुजाला म्हणाली, "मॅडम, बसून कंटाळला असाल. एक मारून बघा." तनुजा हसत उठली. ओढणी कमरेला बांधली. पायात साधे बूट. प्रियदर्शनीने तिची बोटं काठीवर बसवली, खांदे वळवून दाखवले, बाजूला झाली.

सुपारी कातरल्यासारखा आवाज आला. बॉल सरळ. वर. खूप वेळ वर.

प्रियदर्शनी बॉल पडेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, परत."

परत तसाच. तिसराही. तनुजा माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, सोपं आहे की हे."

परत येताना गाडीत ती मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. मी हं हं करत होतो. कानात तो आवाज. माझ्या काठीतून इतक्या वर्षांत तो आवाज दोन-चारदा आला असेल.

२२ ऑक्टोबर, पाडवा

तनुजाने ओवाळलं. दरवर्षी साडी नाहीतर कानातलं ठरलेलं असतं, म्हणून विचारलं, काय हवं. म्हणाली, "हातमोजा. डाव्या हाताचा." मला आधी कळेचना. मग कळलं, गोल्फचा; तो एकाच हातात घालतात. आई म्हणाली, "एकाच हाताचा? दुसऱ्या हातानं काय पाप केलंय?" सगळे हसले. मीही हसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आता आम्ही दोघं शिकतो. सोमवार-गुरुवार, उजाडताच निघायचं, अख्खं पुणं ओलांडून जायचं. सरावाच्या मैदानात माझी जागा पाच नंबरची, तिची सहा. प्रियदर्शनी माझ्याकडे येते तेव्हा कपाळाला आठी घेऊन येते. तिच्याकडे जाते तेव्हा चालणंच बदलतं. आज मी बॉल मारायचे सोडून तेच बघत होतो.

आज तिने तनुजाचा व्हिडिओ काढला. मला दाखवायला. "सर, मॅडमचा खांदा बघा. असा वळला पाहिजे." माझ्या बायकोचा खांदा मला मोबाइलवर दाखवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तनुजाला सर्दी. घरी राहिली. मला बरं वाटलं.

बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिल्यांदा तिला क्लबात नेलं. न्यावं लागलं — विक्रमला कुठून कळलं कोण जाणे, तोच मागे लागला. तिसऱ्या होलला तिने असा बॉल मारला की मागून येणारे लोक थांबले. विक्रम मला म्हणाला, "संपतराव, वहिनींनी तुम्हाला इथे आणलं की तुम्ही वहिनींना?" सगळे हसले. तनुजा नाही हसली. म्हणाली, "ह्यांच्यामुळेच शिकले मी." ते मला आणखी लागलं. ती माझी बाजू घेते. माझ्यावर ती वेळ आली.

रात्रीचं जेवण कमी गेलं. तनुजाने विचारलं, बरं नाही का. म्हटलं, ॲसिडिटी.

१८ डिसेंबर, गुरुवार

विचार करत होतो — लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा हेवा करायची वेळ कधी आलीच नव्हती. ती जे करायची ते मी कधी केलंच नव्हतं. स्वयंपाक, आईचं पथ्य, पोरीचं शिक्षण. ते सगळं ती उत्तम करते असं मी दहा जणांत सांगायचो. सांगायला काय जात होतं माझं?

८ जानेवारी, गुरुवार

फेब्रुवारीत नव्याने खेळायला लागलेल्या बायकांची स्पर्धा आहे. नऊच होल. प्रियदर्शनीने मला न विचारता तनुजाचं नाव दिलं. मला का विचारावं म्हणा. तनुजा आधी नाही-नाही म्हणत होती. मग गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "शाळेत मी लंगडीच्या टीममध्ये होते. त्यानंतर कुणी माझं नाव कशात दिलं नव्हतं."

मी सिग्नलकडे बघत होतो.

आणि माझं नाव, पुरुषांच्या स्पर्धेत? "सर, तुम्ही अजून थोडं थांबा. स्विंग बसतोय." काय बसतोय. मी बसलोय.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला सोसायटीत खाली गेलो होतो. चेअरमन भेटले. "अहो, तुमच्या मिसेस गोल्फ खेळतात म्हणे!" मी बारा वर्षं खेळतोय, ह्या माणसाने कधी एका शब्दाने विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रियदर्शनी नव्हती. भावाचं लग्न, सोमवारनंतरच येणार. आम्ही दोघंच गेलो.

तनुजाचे पहिले काही बॉल उजवीकडे गेले. मग आणखी काही. आवाजही बदललेला, बोदा. मी मागून बघितलं आणि लगेच कळलं. तिचा डावा हात काठीवर फिरलाय. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली खाच उजव्या खांद्याकडे हवी, ती हनुवटीकडे आलीय. मला नाही कळणार तर कुणाला? ऑक्टोबरपासून प्रियदर्शनी माझा हात धरधरून हेच तर सांगतेय. मी हजारदा चुकलो म्हणून मला ही चूक डोळे मिटूनही ओळखता येते.

तनुजाने वळून विचारलं, "अहो, बघा ना. काय होतंय? रविवारी स्पर्धा आहे."

म्हटलं, "काही नाही. वारा आहे."

तिने वर बघितलं. जाळीच्या खांबावरचा झेंडा सरळ खाली लोंबत होता. ती तिकडे बघत होती की नव्हती, माहीत नाही. म्हणाली, "हं. असेल." आणि तसाच हात धरून मारत राहिली.

७ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. अजून सांगता येईल. एक वाक्य आहे. बुटांना पॉलिश करत बसली आहे, मी समोर बसून पेपर वाचतोय.

नाही सांगितलं.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिला बॉल उजवीकडे झाडीत. दुसरा तिथून आणखी आत. चौथ्या होलला तिने एकामागून एक तीन बॉल पाण्यात घातले. बरोबरच्या बायका चांगल्या होत्या, "होतं असं" म्हणत होत्या. तनुजा हसत होती. ते हसू मला माहीत आहे. पाहुण्यांसमोर दूध नासतं तेव्हा हसते तसं.

मी दोरीच्या बाहेर उभा होतो. पहिल्या होलला आत कुठेतरी गार वाटलं. खोटं कशाला लिहू. चौथ्यापर्यंत ते गेलं होतं.

शेवटून पहिली. विक्रमने फोन केला तेव्हा म्हणाला, "पहिल्यांदा होतं. वहिनींना सांग." मी सांगितलं नाही.

गाडीत बसल्यावर तिने हातमोजा काढला, बोटं उघडली, मिटली. म्हणाली, "वय झालं हो. हातात जोर राहिला नाही."

९ फेब्रुवारी, सोमवार

तनुजा सरावाला आली नाही. म्हणाली, तुम्ही जा.

संध्याकाळी आई तिच्या बोटांना तिळाचं तेल चोळत होती. "कामानं झिजलीत गं. इतकी वर्सं दळलं, लाटलं, धुतलं. आता काठी कशी पेलायची." तनुजा मुकाट हात पुढे करून बसलेली. त्या हातांना काहीही झालेलं नाही. हे घरात मला एकट्याला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एकटाच गेलो. आज लागला.

कसा, माहीत नाही. खांदा वळला, हात आपोआप खाली आले, आणि सुपारीचा आवाज. बॉल सरळ, वर. पुढचाही. त्याच्या पुढचाही. प्रियदर्शनीने टाळ्या वाजवल्या. "सर! हाच. हाच तुमचा स्विंग." चार महिने ह्या वाक्याची वाट बघत होतो.

मागे वळून बघितलं. बाकावर कुणी नाही.

मग प्रियदर्शनीने विचारलं, "मॅडमचं नेमकं काय झालं? मी स्पर्धेचे व्हिडिओ मागवलेत." म्हटलं, कशाला. म्हणाली, "एवढी चांगली खेळणारी बाई अशी बिघडत नाही, सर. काहीतरी बारीक असणार."

बारीकच आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तनुजाने तिची गोल्फची बॅग माळ्यावर टाकायला सांगितली. मी शिडी घेतली, चढलो, बॅग वर ढकलली. उतरून हात धुतले.

ओट्याशी उभी राहून तिने भाजी निवडायला घेतली. म्हणाली, "तुमचं मात्र छान चाललंय ना आता? प्रियदर्शनीचा मेसेज होता. बरं झालं. तुम्ही किती कष्ट घेतले." खरंच मनापासून म्हणाली. तिच्या आवाजात कुठे काही नव्हतं. मी शोधलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

आईला डॉक्टरकडे दाखवून सोडलं घरी, आणि तनुजा आणि मी मार्केट यार्डात गेलो, आठवड्याची भाजी आणायला. परत येताना ती डाव्या हाताने पिशवी उचलायला गेली आणि सवयीने थबकली, उजव्याने घेतली. तेवढंच कारण झालं. गाडीत बसल्यावर बोललो. डावा हात फिरला होता. मला दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. वारा नव्हता.

मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"कधी दिसलं?"

"स्पर्धेआधीच्या गुरुवारी. पहिल्या पाच बॉलांत."

"शुक्रवारी दिवसभर घरात होतात तुम्ही. शनिवारीही."

"हो."

"मी बूट पुसत होते तेव्हाही."

"हो."

मला वाटलं रडेल. किंवा बोलेल. भांडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, तयारीच केली होती. ती म्हणाली, "आठ दिवस मी सासूबाईंकडून तेल लावून घेतेय." मग म्हणाली, "चला. कोथिंबीर सुकेल."

घरी आल्यावर माळ्यावरची बॅग काढायला शिडी तिने स्वतः आणली. मी धरायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बोलते. चहा हवा का, जेवायला बसा, आईंची गोळी दिली का. एवढंच. आईला काहीतरी कळलंय. जेवताना मला म्हणाली, "काय केलंस?" मी ताटातला भात कालवत राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उठलो तर तनुजा नव्हती. गाडीही नव्हती. माझी बॅग डिकीतून काढून खाली लिफ्टपाशी भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. वर टॉवेल घडी घालून.

बॅग वर आणली. सरावाहून नऊला येईल. आज तिचे बॉल कसे लागले, ते मला खरंच ऐकायचं आहे. विचारणार आहे. सांगेल की नाही, माहीत नाही.